घळीचा गारवा आणि घळीचें पाणी

डोंगरांत उगम पावलेली नदी सपाटीवर येईपर्यंत किती रूपें धारण करते, याचा विचार आपण क्वचितच करतों. भूगोलाच्या पुस्तकांत उगम, प्रवाह व मुख अशा तीन शब्दांत तिचें चरित्र संपतें. परंतु उगम आणि सपाटी यांच्या मध्यें तिला जें कठीण काम करावें लागतें, त्याची खूण म्हणजे घळ होय. दोन्ही बाजूंस उभे कडे, मध्यें अरुंद तळ, आणि त्या तळांतून कधीं खळखळणारें तर कधीं डोहांत थबकलेलें पाणी, अशा जागेस आपल्याकडे घळ किंवा घळई म्हणतात. भर उन्हाळ्याच्या दुपारींही तेथें गारवा असतो. म्हणून अलीकडे पुष्कळ तरुण मंडळी अशा घळींतून पायीं हिंडूं लागली आहेत. आमचे विद्यार्थीही जातात, व त्यांनीं जावें असेंच आम्हांस वाटतें. मात्र ज्या कारणानें घळ गार राहते, त्याच कारणानें ती पावसांत प्राणघातक होते, ही गोष्ट नीट उमजून मगच तिच्यांत पाऊल टाकावें. ती उमजावी एवढ्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

सांदणची घळ

उदाहरणादाखल आपल्याच महाराष्ट्रांतील एक घळ घेऊं. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत, सह्याद्रीच्या अगदीं धारेवर, साम्रद नांवाचें लहानसें गांव आहे. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचें विल्सन धरण १९२६ सालीं पूर्ण झालें; त्याच्या जलाशयास वळसा घालून रतनवाडीवरून साम्रदला जातां येतें. जवळच रतनगड, समोर अलंग, मदन व कुलंग हे तीन दुर्ग, आणि राज्यांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची सुमारें ५,४०० फूट, हेंही याच तालुक्यांत. हा सारा मुलूख १९८६ सालीं स्थापन झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो.

गांवापासून अर्ध्या तासाच्या आंत घळीचें मुख लागतें. सांद म्हणजे दोन भिंतींमधील अरुंद जागा. ‘सांदीकोपरा’ हा शब्द तर घरोघर चालतो. सांदण हें नांव त्या जागेस किती शोभतें तें आंत शिरतांच कळतें. घळीची लांबी सुमारें सव्वा मैल, खोली कांहीं ठिकाणीं दोनशें-तीनशें फूट, आणि रुंदी कोठें पांचपंचवीस फूट, तर कोठें हात पसरले असतां दोन्ही कातळ बोटांस लागतील इतकी. तळ सपाट नाहीं. लहानमोठ्या धोंड्यांची रास पडलेली आहे, व एका धोंड्यावरून दुसऱ्यावर पाय तोलीत जावें लागतें.

आम्ही नववी-दहावीच्या वर्गांसह एका फेब्रुवारींत तेथें गेलों होतों. गांवांतील एक वयस्क वाटाड्या बरोबर होता. माळावर ऊन चांगलेंच तापलें होतें. परंतु घळींत शंभर पावलें गेल्यावर मुलांनीं डोक्यावरचे रुमाल सोडले. पुढें पाण्याचे दोन डोह लागले. पहिल्यांत पाणी गुडघ्याइतकें, दुसऱ्यांत कमरेपर्यंत. पाणी इतकें थंड कीं, घाटावरच्या उन्हाची आठवणसुद्धां राहिली नाहीं. पुढें पुढें घळ अधिक खोल होत जाते, आणि शेवटीं पायांखालची जमीन एकाएकीं तुटून समोर कोंकणाची खोल दरी व बाण नांवाचा सुळका दिसूं लागतो. तेथून खालीं दोर व जाणत्यांची सोबत यांवांचून उतरतां येत नाहीं. आम्ही तेथूनच परतलों.

परततांना एका विद्यार्थ्यानें वर बोट करून विचारलें, “सर, ह्या काटक्या तिथें कोणीं ठेवल्या?” पाहिलें तों आमच्या डोक्यावर पुरुषभर उंचीवर, कातळाच्या एका कपारींत, वाळलेल्या काटक्या, गवत व पालापाचोळा यांचा भारा घट्ट अडकला होता. कांहीं मुलांस तें पक्ष्याचें घरटें वाटलें. वाटाड्या म्हणाला, “पाण्यानं ठेवल्यात. पावसाळ्यांत आम्ही गुरंसुद्धां इकडं सोडीत न्हाय.” मुलें गप्प झालीं. ज्या पाण्यांत आतांच त्यांनीं एकमेकांच्या अंगावर ओंजळी उडविल्या होत्या, तेंच पाणी त्यांच्या डोक्यावरून वाहून गेलें होतें. पुढील सर्व विवेचन त्या एका प्रश्नाचें उत्तर आहे असें समजावें.

घळ कशी तयार होते?

सह्याद्रीचा खडक काळा कातळ आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून वितळलेला रस वारंवार बाहेर पडून थरांवर थर निवत गेले, व त्यांतून दख्खनचें पठार बनलें. निवतांना हा रस आकसला, म्हणून त्यांत उभ्या भेगा पडल्या. अखंड कातळावर पाण्याचें सहसा कांहीं चालत नाहीं. परंतु भेग सांपडली कीं पाणी तेथें शिरतें, माती धुऊन नेतें, आणि हळूहळू आपला मार्ग खोल करतें.

तथापि नुसतें पाणी कातळ कापीत नाहीं. पाण्याबरोबर येणारे गोटे व वाळू हींच त्याचीं हत्यारें. याचा पुरावा पाहावयाचा असेल तर याच जिल्ह्यांतील निघोज गांवीं कुकडी नदीचें पात्र पाहावें. तेथें भोंवऱ्यांत सांपडलेल्या गोट्यांनीं घासून घासून कातळांत रांजणासारखे खळगे पाडले आहेत. घळींतही हेंच घडतें; फरक इतकाच कीं, येथें उतार तीव्र असल्यानें घासणी खालच्या दिशेनें अधिक जोरानें होते. सह्याद्रीचा पूर्वेकडील उतार सावकाश, व पश्चिमेकडील कड्यासारखा तुटलेला. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा पूर्वेस वळून गोदावरीस मिळते व तिचें पाणी शेकडों मैल चालून बंगालच्या उपसागरास पोहोंचतें. पण शेजारच्याच सांदणचें पाणी पश्चिमेस कोसळून कोंकणांत उतरतें. ज्यास इतक्या थोड्या अंतरांत इतकें खालीं उतरावयाचें, त्या पाण्याची कापण्याची शक्ति मोठी असणारच.

एक गोष्ट येथें ध्यानांत ठेवावी. घळ ही वर्षभर झुळझुळणाऱ्या पाण्यानें कोरलेली नाहीं. ती मुख्यतः पुरानें कोरली आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर तें पूर्वींच्या सुमारें चौसष्ट पट वजनाचा धोंडा ढकलूं शकतें, असा भूगर्भशास्त्रांत एक ढोबळ नियम सांगतात. म्हणजे दहा महिन्यांचें शांत पाणी जें करीत नाहीं, तें एका रात्रीचा पूर करतो. ज्या धोंड्यांवर बसून आपण शिदोरी सोडतों, ते तेथें कसे आले याचें उत्तर हेंच होय.

गारवा कां असतो?

घळीच्या गारव्याचीं कारणें चार सांगतां येतील.

पहिलें कारण उंची. समुद्रसपाटीपासून दर हजार फूट वर गेलें असतां हवेची उष्णता सुमारें दोन अंश सेंटिग्रेडनें कमी होते. म्हणून घाटमाथा मुळांतच कोंकणाहून थंड असतो.

दुसरें कारण सांवली. याचा हिशेब वर्गांत करून पाहण्यासारखा आहे. दहा फूट रुंद, दोनशें फूट खोल व उत्तर-दक्षिण पसरलेली एक घळ कल्पावी. तळावर उभे राहून वर पाहिलें, तर आकाशाची जी पट्टी दिसते ती जेमतेम तीन अंशांची असते. सूर्य तासाला पंधरा अंश चालतो. अर्थात् मेच्या मध्यानंतर, जेव्हां तो या भागांत अगदीं माथ्यावर येतो, तेव्हांही ती पट्टी तो बारा मिनिटांत ओलांडून जातो. बाहेरच्या माळावर ज्या दिवशीं दहाबारा तास ऊन पडतें, त्या दिवशीं घळीच्या तळास बारा मिनिटें!

तिसरें कारण कातळ. मोठा कातळ लवकर तापत नाहीं व लवकर निवतही नाहीं. दिवसभर सांवलींत राहिलेल्या त्या भिंती रात्रींची व हिवाळ्याची थंडी पुष्कळ दिवस धरून ठेवतात. शिवाय थंड हवा जड असल्यामुळें रात्रीं ती खालीं उतरून घळींत सांचते, आणि वारा फारसा नसल्यानें तेथेंच राहते.

चौथें कारण पाणी. डोहांतील पाण्याची वाफ होतांना ती भोंवतालच्या हवेंतून उष्णता घेते. मातीच्या माठांत पाणी थंड राहतें तें याच नियमानें.

या चार कारणांपैकीं उंची बाजूस ठेवली, तर बाकीच्या तिहींच्या मुळाशीं एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे घळीचा अरुंदपणा. ती रुंद असती तर ऊन आंत आलें असतें, भिंती तापल्या असत्या, वाऱ्यानें गारवा उडवून नेला असता, व डोह आटले असते.

त्याच अरुंदपणाचें दुसरें फळ

आतां पाण्याचा हिशेब करूं. समजा, घळीच्या वरच्या अंगास एक चौरस मैल डोंगर असा आहे कीं, त्यावर पडणारें सर्व पाणी त्या घळींतूनच जातें. एक चौरस मैल म्हणजे २,७८,७८,४०० चौरस फूट. त्यावर एका तासांत एक इंच पाऊस पडला, तर पाणी झालें २३,२३,२०० घनफूट. त्यांतील निम्में जमिनींत मुरलें किंवा मागें राहिलें असें धरलें, तरी उरलेलें निम्में तासाभरांत घळींत आल्यास दर सेकंदास सुमारें ३२३ घनफूट पाणी तिच्यांतून जाईल. त्याचें वजन दर सेकंदास सुमारें नऊ टन भरतें.

हें पाणी सेकंदास पांच फूट वेगानें साठ फूट रुंदीच्या उघड्या पात्रांत वाहिलें, तर त्याची खोली फुटाच्या जरा वर होईल. मुलेंसुद्धां तेथून पळून कांठ गांठूं शकतील. तेंच पाणी त्याच वेगानें दहा फूट रुंद घळींतून वाहिलें, तर खोली सुमारें साडेसहा फूट होते. उंच माणसाचेंही डोकें बुडेल, आणि धांवण्यास कांठच नाहीं, कारण दोन्हीकडे भिंत आहे. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे. अरुंद जागीं वेग वाढतो, त्यामुळें खोली कांहींशी कमी झाली तरी पाण्याचा जोर अधिकच होतो. काटक्यांचा भारा कपारींत कसा गेला, हें आतां वेगळें सांगावयास नको.

याहून मोठी अडचण अशी कीं, पाऊस घळींत पडावा लागत नाहीं. तो वर डोंगरावर पडला तरी पुरे. आंतल्या माणसास आकाशाची तीन अंशांची निळी पट्टी दिसत असते. ती पाहून तो निर्धास्त राहतो.

जगांतील कांहीं दाखले

अमेरिकेंतील युटा संस्थानांत झायन नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें व्हर्जिन नदीनें तांबूस वालुकाश्मांत एक घळ कोरली असून तिच्या भिंती सुमारें हजार फूट उंच व तळ कोठें कोठें वीस-तीस फूटच रुंद आहे. लोक नदीच्या पाण्यांतूनच काठी टेकीत चालत जातात. परंतु नदीचा प्रवाह सेकंदास १५० घनफुटांच्या वर गेला कीं ती वाट बंद करण्यांत येते. आपल्या हिशेबांतील आंकडा ३२३ होता, हें विद्यार्थ्यांनीं ताडून पाहावें. त्याच उद्यानांतील दुसऱ्या एका अरुंद घळींत १४ सप्टेंबर १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१५ सालीं त्या तारखेस, अचानक आलेल्या लोंढ्यानें सात जण मृत्युमुखीं पडले.

शेजारच्या ॲरिझोना संस्थानांत अँटिलोप नांवाची घळ आहे. तेथें १२ ऑगस्ट १९९७ रोजीं अकरा प्रवासी वाहून गेले. घळीवर पाऊस जवळजवळ नव्हताच; वादळ कित्येक मैल दूर, प्रवाहाच्या वरच्या अंगास झालें होतें. स्वित्झर्लंडांत इंटरलाकेनजवळ साक्सेतन ओढ्याच्या घळींत २७ जुलै १९९९ रोजीं एकवीस जण बुडाले. त्यांत प्रवाशांबरोबर त्यांचे वाटाडेही होते. इटलीच्या दक्षिण भागांतील रागानेल्लो घळींत २० ऑगस्ट २०१८ रोजीं दहा जणांचे प्राण गेले. हीं सर्व माणसें अडाणी किंवा उद्धट होतीं असें कोणीं समजूं नये. पुष्कळांनीं जाणत्या माणसांची सोबतही घेतली होती.

दूर देशांचेच दाखले कशाला? लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत ३० जून २०२४ रोजीं एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. तीं पाण्याच्या मध्यें खडकावर उभीं होतीं, आणि कांठावरील लोक हाकेच्या अंतरावर असूनही कांहीं करूं शकले नाहींत. ती जागा घळ नव्हे, पण नियम तोच. वर पडलेलें पाणी अरुंद वाटेनें एकत्र येतें, तेव्हां विचार करण्यास सवड देत नाहीं.

जाणाऱ्यांनीं काय करावें?

म्हणून घळींत जाणें सोडावें काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं गोष्टी मात्र कटाक्षानें पाळाव्या.

एक. सह्याद्रींतील घळींत पावसाळ्यांत उतरूं नये. हिवाळा हा योग्य काळ. मे महिन्यांत जावयाचें असल्यास वळवाच्या पावसाचा भरवसा धरूं नये. तो बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून पहांटे निघून माध्यान्हापूर्वीं बाहेर पडावें.

दोन. निघण्यापूर्वीं हवामानखात्याचा अंदाज पाहावा, आणि तो घळीच्या गांवापुरता न पाहतां तिच्या वरच्या डोंगराचा पाहावा.

तीन. स्थानिक वाटाड्या घ्यावा, व तो ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालूं नये. शहरांतून भाडें खर्चून आलों आहोंत, हें कांहीं पाण्यास ठाऊक नसतें. वनखात्याचे नियमही असेच मुकाट्यानें पाळावे.

चार. आंत शिरल्यावर दर थोड्या अंतरावर, वर चढतां येईल अशी जागा कोठें आहे, हें पाहून ठेवावें. भिंतींतील काटक्या व पाण्याच्या रेघा पाहाव्या. पूर कोठवर येतो हें त्या सांगतात.

पांच. निवळ पाणी एकाएकीं गढूळ झालें, पानें व काटक्या वाहत येऊं लागल्या, पाण्याची पातळी बोटभर जरी वाढली, किंवा वरून घरघर ऐकूं आली, तर सामान टाकून त्याच क्षणीं उंच जागा गांठावी. घळीच्या तोंडाकडे धांवूं नये. पाणी माणसाहून वेगवान असतें.

सहा. घळीच्या तळांत रात्रीं मुक्काम करूं नये.

सात. आपण नेलेला कचरा परत आणावा. घळींत टाकलेली वस्तु पहिल्या पावसांत खालच्या गांवाच्या पाण्यांत जाते.

या सात गोष्टींत पराक्रमाचा भाग कांहींच नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. आमच्याबरोबर आलेल्या विद्यार्थ्यांपैकीं दोघांनीं दोराच्या साहाय्यानें कडा उतरून जाण्याचा हट्ट धरला होता, व परत फिरतांना त्यांचीं तोंडें उतरलीं. परंतु जी घळ कित्येक लक्ष वर्षें कोरली जात आहे, ती आणखी चार वर्षें त्यांची वाट पाहील. दोर हाताळण्याचें शिक्षण घेऊन त्यांनीं खुशाल जावें.

अभ्यासासाठीं

(१) वरील हिशेबांत पाऊस एका इंचाऐवजीं दोन इंच धरून घळींतील पाण्याची खोली काढा. (२) आपल्या गांवच्या ओढ्याची रुंदी सर्वांत अरुंद जागीं मोजा, आणि कांठच्या झाडाझुडपांत अडकलेला पालापाचोळा पाहून गेल्या पावसाळ्यांत पूर कोठवर आला होता तें ठरवा. (३) त्या ओढ्यास पाणी कोणकोणत्या टेकड्यांवरून येतें, याचा एक नकाशा काढा. तिसरा प्रश्न ज्यास नीट सोडवितां आला, त्यास पुढील सहलीच्या वेळीं आकाशाकडे कोणत्या बाजूस पाहावयाचें हें सांगावें लागणार नाहीं. वह्या जूनमध्यें शाळा उघडतांच तपासण्यांत येतील.